सिडनीजवळची शनिवार-रविवारची भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीतल्या मराठी मंडळींकडून शुक्रवारी संध्याकाळी हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. अंतरं पॅरामॅटा-वेस्टमीड भागातून मोजली आहेत, कारण विचारणारे बहुतेक तिथलेच असतात. फी, वेळा आणि बंद ट्रॅक यांची माहिती बदलत राहते. निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्कची वेबसाइट एकदा बघाच.

१. दोन दिवसांत कुठवर जाऊन येता येईल? मेलबर्न जमेल का?

नाही. मेलबर्न सुमारे ८८० किलोमीटरवर आहे. शनिवार जाण्यात संपेल, रविवार येण्यात, आणि सोमवारी ऑफिसात तुम्ही फक्त शरीराने असाल. आमचा हिशोब साधा आहे: एका दिवसाची सहल असेल तर एका बाजूने दोन तास, मुक्काम असेल तर तीन तास. त्यापलीकडचं लाँग वीकेंडसाठी ठेवा.

या हिशोबात बसणारं खूप आहे. पश्चिमेला सव्वा तासावर कटूंबा. दक्षिणेला तासाभरात रॉयल नॅशनल पार्क आणि हेलेन्सबर्ग, पावणेदोन तासांत कायमा. उत्तरेला कु-रिंग-गाय चेस आणि पाम बीच, पुढे दोन तासांवर हंटर व्हॅली. मुक्काम करणार असाल तर उत्तरेला पोर्ट स्टीफन्स आणि दक्षिणेला जर्विस बे, दोन्ही साधारण दोनशे किलोमीटर. कॅनबेरा त्याच्याही पुढे, पण तीन तासांत येतं.

तीन बाजूंनी नॅशनल पार्क आणि चौथ्या बाजूला समुद्र असलेल्या शहरात आपण राहतो. तरीही लोक दर लाँग वीकेंडला आठशे किलोमीटरचे बेत का आखतात, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही.

२. पहिल्यांदाच जातोय. फाटे फोडू नका, एकच रस्ता सांगा.

हेलेन्सबर्ग ते कायमा. सकाळी आठला निघा आणि आधी हेलेन्सबर्गच्या श्री व्यंकटेश्वर मंदिरात जा. दर्शन होतं, आणि शनिवार-रविवारी कँटीनमध्ये डोसा-इडली मिळते, म्हणजे नाश्त्याचा प्रश्नही सुटतो. तिथून काही मिनिटांवर बाल्ड हिल. खाली स्टॅनवेल पार्कचा किनारा, डोक्यावर हँग ग्लायडर. याच किनाऱ्यावर १८९४ साली लॉरेन्स हारग्रेव्हने चार पेटी-पतंगांना स्वतःला टांगून जमिनीवरून उचलून घेतलं होतं. पुढच्या रस्त्याला त्याचंच नाव आहे.

मग येतो सी क्लिफ ब्रिज. कड्यावरून सतत दगड कोसळत म्हणून २००३ मध्ये इथला जुना रस्ता बंद करावा लागला, आणि डिसेंबर २००५ मध्ये हा ६६५ मीटर लांबीचा पूल कड्यापासून बाजूला, समुद्रावर काढून उघडला. पुलावर गाडी थांबवता येत नाही. टोकाला लावा आणि पुलावरून चालत जा, बाजूला पायवाट आहे. गाडीतून दीड मिनिटात पार करून 'पाहिला' म्हणणाऱ्यांत सामील होऊ नका.

वोलोंगाँगजवळ नान तिएन हे मोठं बौद्ध मंदिर आहे. वेळ असेल तर तास द्या. शेवटी कायमाचं ब्लोहोल. लाट खडकाच्या खालच्या पोकळीत शिरते आणि वरच्या भोकातून कारंजं उडतं. मात्र समुद्र आग्नेयेकडून उसळत असेल तरच. शांत दिवशी नुसतंच भोक दिसतं आणि घरचे तुमच्याकडे बघतात. अशा दिवशी जवळचं लिटल ब्लोहोल बघा, ते पुष्कळदा मोठ्यापेक्षा जास्त इमानदारीने चालतं.

३. ब्लू माउंटन्सला नेहमी इतकी गर्दी असते. थ्री सिस्टर्सशिवाय काही आहे का?

पुष्कळ आहे. ही सगळी रांग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, ती काही तीन सुळक्यांसाठी नाही. हे सुळके जिथून दिसतात त्या कटूंबाच्या एको पॉइंटला सकाळी नऊच्या आत जा, तीस मिनिटं थांबा आणि निघा. दहानंतर पार्किंग मिळेपर्यंत मुलं भांडायला लागतात.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर ब्लॅकहीथ. गोवेट्स लीप आणि इव्हान्स लूकआउट ही तिथली दोन ठिकाणं आम्हाला एको पॉइंटपेक्षा जास्त आवडतात. दरी जास्त रुंद दिसते आणि माणसं कमी. ग्रोज व्हॅलीचे कडे संध्याकाळच्या उन्हात केशरी होतात, तेव्हा कॅमेरा असलेले दहाबारा लोक येतात, बस. चालणाऱ्यांसाठी ग्रँड कॅनियनचा फेरा आहे. सहा किलोमीटरच्या आसपास, साडेतीन तास धरा. खाली नेचे, ओढा, थंडगार घळ. जानेवारीच्या उकाड्यातही तिथे अंगावर काटा येतो.

वेंटवर्थ फॉल्सला चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये येऊन गेला. त्याच्या नावाची ओढ्याकाठची पायवाट सोपी आहे. परत येताना तोच रस्ता नको असेल तर बेल्स लाइन ऑफ रोडने या. वाटेत माउंट टोमाची बोटॅनिक गार्डन (प्रवेश मोफत) आणि बिलपिनच्या सफरचंदाच्या बागा लागतात.

४. किती वाजता निघावं आणि किती वाजता परत यावं?

निघायची वेळ तुमची तुम्ही ठरवा. परतायची मात्र सूर्य ठरवतो. जूनमध्ये सिडनीत पाचच्या आधीच सूर्यास्त होतो, डिसेंबर-जानेवारीत आठनंतर. हिवाळ्यात 'जेवून आरामात निघू' म्हटलं तर लूकआउटवर पोहोचेपर्यंत अंधार.

पहाट आणि तिन्हीसांज या कांगारू, वॉलबी, वॉम्बॅट रस्त्यावर येण्याच्या वेळा. शहराजवळच्या मोटारवेवर फार भीती नाही, पण कांगारू व्हॅली, जर्विस बे किंवा मजीच्या बाजूला संध्याकाळी वेग कमीच ठेवा. प्राणी आडवा आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. प्राणी वाचवायच्या नादात झाडावर गेलेल्या गाडीतली माणसं जास्त जखमी होतात. धडक बसलीच तर प्रश्न १६ पाहा.

५. भारतातून आई-बाबा आले आहेत. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. त्यांना कुठे नेऊ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. त्याचं चुकीचं उत्तर म्हणजे दिवसात पाच ठिकाणं. गाडीत चढ-उतर करण्यानेच गुडघे जास्त दुखतात. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत, आणि दोन्हीकडे बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह हवं.

ब्लू माउंटन्समध्ये एको पॉइंटचा मुख्य कठडा सपाट आहे. सीनिक वर्ल्डची प्रसिद्ध रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून खाली जाते. मूळची ती कोळशाच्या खाणीची. काही आजी-आजोबांना ती फार आवडते, काहींना अजिबात नाही, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारा. ज्यांना नको त्यांना केबलवेने खाली न्या. त्यात व्हीलचेअर जाते आणि खाली लाकडी फळ्यांच्या वाटेचा एक भाग व्हीलचेअरसाठीच केलेला आहे. ब्लॅकहीथला हेरिटेज सेंटरपासून गोवेट्स लीपपर्यंतची फेअरफॅक्स हेरिटेज वॉकही तशीच, विनापायऱ्यांची.

मे ते नोव्हेंबरमध्ये आले असतील तर कर्नेलच्या केप सोलँडरला देवमासे दाखवा. हंपबॅक जून-जुलैत उत्तरेला जातात आणि सप्टेंबरनंतर पिल्लांना घेऊन परततात. गाडी अगदी जवळ लागते. घडीच्या खुर्च्या, शाल, चहाचा थर्मास घ्या आणि दोन तास बसा. बोटीच्या फेरीपेक्षा हे बरं, कारण बोट लागली की औषध-गोळ्यांतच दिवस जातो. वारा मात्र बोचरा असतो. 'आम्ही महाबळेश्वरला राहिलोय' या वाक्यावर विश्वास ठेवू नका, कानटोपी घ्याच.

घराजवळच हवं असेल तर माउंट ॲनन इथली ऑस्ट्रेलियन बोटॅनिक गार्डन. ४१६ हेक्टर, प्रवेश मोफत, आणि आतून गाडीने फिरता येतं. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवा. उन्हात तापलेल्या डिकीत इन्सुलिन तर मुळीच नको.

६. आमच्याकडे गाडी नाही. मग काय घरी बसायचं?

उलट तुमचं बरं आहे, पार्किंग शोधायला नको. ब्लू माउंटन्स लाइनची गाडी पॅरामॅटाला थांबते आणि थेट कटूंबाला नेते. सेंट्रलहून सुमारे दोन तास. साउथ कोस्ट लाइनने कायमाला जा. जाताना डाव्या खिडकीशी बसा, समुद्र त्या बाजूला आहे. स्टेशनपासून ब्लोहोल चालत जाण्याच्या अंतरावर. क्रोनलाहून बंडीनाला छोटी फेरी बोट अर्ध्या तासात नेते आणि थेट रॉयल नॅशनल पार्कच्या काठावर सोडते. ओपल कार्डाची (इथलं बस-रेल्वेचं कार्ड) दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा शनिवार-रविवारी कमी असते, त्यामुळे लांबचा प्रवास स्वस्तात होतो.

एकच मेख आहे: ट्रॅकवर्क. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात आणि गाडीच्या जागी बस देतात. दोन तासांचे तीन होतात. आदल्या दिवशी ट्रिप प्लॅनरवर खात्री करा.

७. भारताच्या लायसन्सवर गाडी चालवली तर चालेल ना?

तुम्ही कोण, त्यावर आहे. पर्यटक म्हणून आलेल्यांना इंग्रजी मजकूर असलेलं वैध भारतीय लायसन्स चालतं. आपली स्मार्ट कार्डं त्यात बसतात. फक्त मूळ कार्ड जवळ हवं, फोनमधला फोटो नाही. विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावर न्यू साउथ वेल्समध्ये राहत असाल तर १ जुलै २०२३ पासून नियम बदलला आहे: सहा महिन्यांत इथलं लायसन्स काढावं लागतं. पर्मनंट रेसिडेंटना तीन महिने. भारत सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही, त्यामुळे लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा दोन्ही.

मुदत संपल्यावर चालवलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारेल. नवीन पी-प्लेटवाल्यांनो (म्हणजे नवशिक्यांचं तात्पुरतं लायसन्स असणाऱ्यांनो), दारूची मर्यादा तुम्हाला शून्य. वेग पहिल्या टप्प्याच्या पी-वनला ९० आणि दुसऱ्या टप्प्याच्या पी-टूला १००, रस्त्यावरची पाटी ११० म्हणत असली तरी.

८. मुलगी चार वर्षांची आहे. भारतातून आणलेली कार सीट वापरली तर?

नाही चालणार. सीटवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाचा शिक्का हवा. परदेशी सीट कितीही महागडी असली तरी कायद्यात बसत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागे, चार वर्षांपर्यंत पट्ट्यांची सीट, त्यानंतर सातपर्यंत सीट किंवा बूस्टर. चारच्या आतलं मूल मागे जागा असताना पुढे बसवता येत नाही, मांडीवर तर नाहीच. 'दोनच मिनिटांचं अंतर आहे' ही सबब पोलिसांनी आधी ऐकलेली असते.

मागच्या सीटवरच्या काकूंनीही पट्टा लावायचा. त्यांनी नाही लावला तरी दंड आणि डेमेरिट पॉइंट (लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) चालवणाऱ्याच्या नावावर. जुलै २०२४ पासून फोन पकडणारे कॅमेरे पुढच्या सीटचे पट्टेही तपासतात, आणि लाँग वीकेंडला पॉइंट दुप्पट होतात.

९. टोल, पार्किंग, पार्कची फी मिळून किती पैसे लागतात?

पश्चिमेला जाणाऱ्यांची चंगळ आहे. पॅरामॅटाच्या पुढे एम-फोरला टोल नाही. उत्तरेला नॉर्थकनेक्स बोगद्याला आहे, पण पुढे न्यूकासलपर्यंतचा एम-वन मोफत. सिडनीत कुठेही रोख टोलनाका नाही, त्यामुळे गाडीत टोलचा टॅग नसेल तर गाडीचा नंबर ऑनलाइन नोंदवा. भाड्याच्या गाडीला कंपनी टोलवर स्वतःचा आकारही लावते, तो आधी विचारा.

रॉयल नॅशनल पार्कला गाडीमागे दिवसाला १२ डॉलर आहेत, ब्लू माउंटन्स पार्कच्या ग्लेनब्रूकच्या बाजूला ८. कटूंबा-ब्लॅकहीथच्या लूकआउटना प्रवेश फी नाही, पण एको पॉइंटला पार्किंगचं मीटर आहे. वर्षातून सहा-सात वेळा जात असाल तर वार्षिक पास परवडतो. तो कुठे चालत नाही ते प्रश्न १८ मध्ये. पेट्रोलसाठी सरकारचं फ्युएलचेक ॲप पाहा आणि टाकी शहरातच भरा.

१०. मी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळं केलंय. इथले ट्रॅक त्यापुढे किरकोळच असणार?

पायात ताकद आहे, ती उपयोगी पडेल. पण हिशोब उलटा आहे. सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावातून निघतो, ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. दम संपला तर मध्येच मागे फिरता येतं आणि वाट घराकडेच उतरते. ब्लू माउंटन्स म्हणजे पठार आहे, नद्यांनी खोल चिरलेलं. गाडी वर लागते, कटूंबा आणि ब्लॅकहीथ ही गावंही वरच. तुम्ही आधी उतरता, अगदी मजेत, गप्पा मारत. चढ शेवटी येतो, दुपारच्या उन्हात, पाणी संपलेलं असताना. इथे उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट परत वर यायला लागेल असं समजा.

दुसरा फरक माणसांचा. हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, लिंबू सरबतवाला भेटतो, वाट चुकली तर गुराखी सांगतो. इथे खाली कोणी नाही. ना वस्ती, ना टपरी. ओढ्याचं पाणी न उकळता पिऊ नये. माणशी दोन-तीन लिटर पाणी पाठीवरच हवं.

तिसरी गोष्ट दगडाची. आपल्या काळ्या कातळाची सवय झालेल्याला हा वाळूचा दगड भक्कम वाटतो. तो तसा नसतो, कड्याचा काठ खालून पोकळ असू शकतो. एप्रिल २०२२ मध्ये वेंटवर्थ फॉल्सजवळच्या ट्रॅकवर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. म्हणून 'ट्रॅक बंद' अशी पाटी असेल तर तिच्याशी वाद घालू नका.

ट्रॅकना १ ते ५ अशा श्रेणी आहेत. तीनपर्यंत घरच्यांना घेऊन जा, चारला अनुभवी सोबत हवा, पाच म्हणजे नकाशा वाचता येणाऱ्यांसाठी. मोठ्या ट्रॅकला जाताना ब्लॅकहीथच्या हेरिटेज सेंटरमधून आपत्कालीन बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) मोफत वापरायला मिळतं. ते घ्या, आणि बेत ऑनलाइन नोंदवा. वाटा अप्रतिम आहेत आणि तुमच्यासारख्याला तर मेजवानी. फक्त पहिला ट्रॅक तुमच्या लायकीपेक्षा एक पायरी सोपा निवडा.

११. बर्फ बघायचाय. एका दिवसात होईल?

कटूंबा-ओबेरॉनला हिवाळ्यात कधीमधी बर्फ पडतो, पण तो तुमच्या सुट्टीचं बघून पडत नाही. खात्रीचा बर्फ म्हणजे स्नोई माउंटन्स. थ्रेडबो, पेरिशर, साधारण सहा तास. एका दिवसात जाऊन येणाऱ्या बसफेऱ्या असतात, रात्री निघून रात्री परत. विशीत असाल तर खुशाल. मुलं असतील तर किमान दोन मुक्काम करा, तेही कूमा किंवा जिंडाबाइनला, वरच्यापेक्षा स्वस्त पडतं.

जूनच्या लाँग वीकेंडपासून ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडपर्यंत कोझियस्को नॅशनल पार्कमध्ये टू-व्हील ड्राइव्ह गाडीत चाकांच्या साखळ्या जवळ असणं सक्तीचं आहे, आकाश निरभ्र असलं तरी. वाटेतल्या दुकानांत भाड्याने मिळतात. घेताना दुकानातच लावून बघा, बर्फात बोटं बधिर झाल्यावर शिकू नका. नकोच असेल तर बुलॉक्स फ्लॅटला गाडी ठेवून स्कीट्यूब रेल्वेने पेरिशरला जा. तिथवर साखळ्या लागत नाहीत.

उन्हाळ्यात याच थ्रेडबोहून चेअरलिफ्टने वर जाऊन कोझियस्को शिखर (२,२२८ मीटर) करता येतं. जाऊन-येऊन १३ किलोमीटर. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं हे सर्वोच्च टोक पुष्कळशा गडांपेक्षा सोपं आहे. इथे मात्र सह्याद्रीवाल्यांनी खुशाल किरकोळ म्हणावं.

१२. समुद्रात उतरलं तर चालतं का? आम्हाला पोहता येत नाही, नुसते पाय भिजवणार.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, आणि फक्त तिथेच. पाय भिजवणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं. गुडघाभर पाण्यातून माणूस रिपमध्ये जातो. रिप म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह. लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणजे अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, हाक मारा.

स्टॅनवेल पार्क, कायमाचा सर्फ बीच इथे हंगामात जीवरक्षक असतात. रॉयलमधलं वॉटामोला आणि जर्विस बेचा हायम्स बीच इथे झेंडे नसतात, हे लक्षात ठेवा. लहान मुलांसाठी उत्तम सोय म्हणजे खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव. कोलक्लिफ, कायमा, वोलोंगाँग सगळीकडे आहेत, बहुतेक मोफत.

फोटोंसाठी प्रसिद्ध दोन जागांबद्दल स्पष्टच सांगतो. रॉयलमधला वेडिंग केक रॉक २०१५ पासून कुंपणाआड आहे. तो खालून पोखरलेला आहे, कुंपण ओलांडू नका. फिगर एट पूल्सवर अचानक मोठी लाट येऊन माणसांना खडकावरून ओढत नेते. पार्कच्या साइटवर त्या जागेचा लाटांच्या धोक्याचा अंदाज रोज देतात. भरती उतरलेली असेल आणि धोका अगदी कमी असेल तरच जा. आमचं मत विचाराल तर जाऊच नका.

१३. साप, कोळी... खरंच इतकं असतं का सगळं?

असतं, पण तुमच्या मागे लागत नाही. पायवाट सोडू नका, बंद बूट घाला, लाकडाच्या ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका. साप चावलाच तर जखम धुऊ नका, चिरू नका, दोरी आवळू नका. आपल्याकडचे सगळे सिनेमे विसरा. रुंद लवचिक बँडेज संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळा, काडी बांधून हलणं थांबवा, माणसाला चालू देऊ नका आणि ट्रिपल झीरोला, म्हणजे ०००ला, फोन करा. सिडनीच्या फनेल-वेब कोळ्यालाही हाच उपाय. त्यावरचं औषध १९८१ पासून उपलब्ध आहे. असं बँडेज गाडीत नव्हे, पाठीवरच्या बॅगेत हवं.

रोजच्या व्यवहारात त्रास देतात ते जळवा आणि गोचीड. जळू निरुपद्रवी, मीठ टाकलं की सुटते. गोचीड मात्र ओढू-चिमटू नका. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्याने जागच्या जागी गोठवून मारा. इथल्या गोचिडीच्या चाव्यानंतर काहींना मटण-बीफची, क्वचित दुधाच्या पदार्थांचीही ॲलर्जी होते. रविवारच्या रश्शावर प्रेम असणाऱ्यांनी पँट मोज्यात खोचावी.

किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखी ब्लूबॉटल डसली तर समुद्राच्या पाण्याने तंतू धुऊन काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवा. व्हिनेगर नको. खडकातल्या डबक्यात छोटासा, निळी वर्तुळं असलेला ऑक्टोपस दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका. तो अतिशय विषारी आहे.

१४. खायचं काय न्यावं? तिथे बार्बेक्यूवर आपलं काही करता येतं?

दशम्या, थालीपीठ, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी. आपल्या पूर्वजांनी हे पदार्थ प्रवासासाठीच घडवले. दही-भात उन्हाळ्यात बर्फाच्या डब्यातून. पुष्कळ बागांत विजेचे बार्बेक्यू मोफत असतात. ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर पनीर, मक्याची कणसं, वांग्याचे काप छान होतात. कुकाबरा थेट हातातला घास पळवतो, तेव्हा झाडाखाली ताट उघडू नका. पक्ष्यांना मुद्दाम खाऊ घालू नका, शेव-फरसाण तर नाहीच.

ज्या दिवशी टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी) असेल त्या दिवशी लाकूड-कोळशाची शेगडी पूर्ण बंद. गॅस आणि विजेलाही अटी असतात. न्यू साउथ वेल्सचा वणव्यांचा हंगाम साधारण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बॅनच्या दिवशी, आणि धोक्याची पातळी 'एक्स्ट्रीम' किंवा 'कॅटास्ट्रॉफिक' असेल तेव्हा, जंगलाकडे जाऊच नका. हॅझर्ड्स निअर मी हे ॲप फोनमध्ये हवं. मुसळधार पावसानंतरही तसंच. रॉयलमध्ये ऑडलीचा बांध पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद होतो.

१५. पाच कुटुंबं मिळून जायचंय. ताफा कसा सांभाळायचा?

सांभाळू नका. एकामागोमाग पाच गाड्या चालवण्याच्या हट्टात लोक पिवळे सिग्नल तोडतात. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, नकाशाची पिन पाठवा, आणि पिन ऑफलाइन उतरवून घ्या. पर्वतात आणि रॉयलमध्ये बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, मग 'कुठे पोहोचलात?' या मेसेजला अर्थ नाही. इमर्जन्सी प्लस ॲप सगळ्यांकडे असावं, ते तुमचं नेमकं ठिकाण दाखवतं. जागा म्हणून कु-रिंग-गाय चेसमधलं बॉबिन हेड किंवा रॉयलमधली ऑडली बरी, मुलांना मोकळं गवत मिळतं. स्पीकर घरी ठेवा. अंताक्षरीला तो लागत नाही.

१६. गाडीला कांगारू धडकला. आता काय?

गाडी सुरक्षित बाजूला घ्या, धोक्याचे दिवे लावा. प्राणी जिवंत असेल तर उचलायला जाऊ नका, जखमी मोठा कांगारू लाथेने माणूस फाडू शकतो. मेला असेल आणि मादी असेल तर, रस्ता सुरक्षित असल्यास, तिची पिशवी बघा. आत पिल्लू जिवंत असतं पुष्कळदा. स्तनाला चिकटलेलं पिल्लू ओढून काढू नका. वायर्स या वन्यजीव बचाव संस्थेला १३०० ०९४ ७३७ वर फोन करा, त्या सांगतील तसं करा. मग गाडीचे फोटो काढून विमा कंपनीला कळवा.

१७. भाड्याची एसयूव्ही आहे, फोर-व्हील ड्राइव्ह. स्टॉकटनच्या वाळूवर नेऊ का?

नेऊ नका. पोर्ट स्टीफन्सजवळच्या या वाळूच्या किनाऱ्यावर गाडी न्यायला वोरिमी कॉन्झर्व्हेशन लँड्सचा वेगळा परवाना लागतो, आणि भाड्याच्या बहुतेक करारांत वाळू आणि कच्चा रस्ता वर्ज्य असतो. रुतलात आणि भरती आली तर विमा नाही, आणि गाडीची किंमत तुमच्या खिशातून. ॲना बेला गाडी ठेवा आणि वाळूच्या टेकड्यांवर सँडबोर्डिंगच्या फेरीने जा. कुत्रा सोबत असेल तर इथल्या नॅशनल पार्कमध्ये सहसा गाडीतसुद्धा नेता येत नाही, हेही जाता जाता.

१८. वार्षिक पास आहे, तरी जर्विस बेला पैसे मागितले. का?

कारण तुम्ही बुडरी नॅशनल पार्कमध्ये गेलात. जर्विस बेचा दक्षिण काठ, मरीज बीच, ग्रीन पॅच हे सगळं न्यू साउथ वेल्सचं नाही. तो जर्विस बे टेरिटरी नावाचा केंद्राच्या ताब्यातला तुकडा आहे, आणि जमीन रेक बेच्या आदिवासी समाजाची. राज्याचा पास तिथे लागू नाही, त्यांचा पास वेगळा घ्यावा लागतो. हायम्स बीच आणि ग्रीनफील्ड बीच मात्र हद्दीच्या अलीकडे आहेत.

असंच कोझियस्कोचं. राज्यातलंच असूनही साधा मल्टी-पार्क पास तिथे चालत नाही, सर्व-पार्कवाला महाग पास लागतो. पास गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, तेव्हा घरात दोन गाड्या असतील तर ज्या गाडीने भटकायचं तिचाच नंबर द्या.